‘तुम्ही आता फक्त तपासा’

प्रश्न : मी एका बातम्यांच्या संकेतस्थळावर उपसंपादक आहे. डेस्कवर नऊ वर्षं झाली. एजन्सीची कॉपी, म्हणजे वृत्तसंस्थेने पाठवलेला मजकूर, घ्यायची, भाषा नीट करायची, मथळा द्यायचा, प्रेसनोटची बातमी करायची, सामन्यांचे निकाल आणि बाजाराचे आकडे लावायचे, हे माझं काम. काही महिन्यांपूर्वी ऑफिसात नवं सॉफ्टवेअर आलं. त्यात प्रेसनोट टाकली की अर्ध्या मिनिटात बातमी तयार. संपादक म्हणाले, ‘तुम्ही आता फक्त तपासा.’ आधी एका शिफ्टला दहा-बारा बातम्या करायचे, आता चाळीस तपासते. त्यातल्या काहींवर माझं नाव जातं. आमच्या ओळीतल्या दोन खुर्च्या रिकाम्या झाल्यात. खरं सांगू का, त्या यंत्राची भाषा वाईट नसते. कधीकधी माझ्यापेक्षा बरी असते आणि तेच जास्त लागतं. संगणक आमची जागा घेणार का? मी आत्ताच दुसरं काही बघावं का? माझ्या भाचीला पत्रकारितेच्या अभ्यासक्रमाला जायचंय, तिला काय सांगू?

उत्तर : आधी न आवडणारं उत्तर देऊन टाकतो, म्हणजे पुढचं मोकळेपणाने बोलता येईल. पत्रात तुम्ही जे काम सांगितलंय, त्यातलं बरंचसं संगणक करू शकतो. हे काही या वर्षी सुरू झालेलं नाही. असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने कंपन्यांच्या तिमाही निकालांच्या बातम्या २०१४ च्या जुलैपासून संगणकाकडे सोपवायला सुरुवात केली. तोवर त्यांचे बातमीदार तिमाहीला साधारण ३०० कंपन्यांच्या बातम्या हाताने लिहीत. सॉफ्टवेअर आल्यावर तो आकडा ३,००० च्या घरात गेला. ज्या छोट्या कंपन्यांकडे कधी कुणी ढुंकून पाहिलं नव्हतं, त्यांच्याही बातम्या येऊ लागल्या. ते काम हातचं गेलं म्हणून कुणी बातमीदार हळहळला असेल, असं मला वाटत नाही. नफा, महसूल आणि प्रतिसमभाग मिळकत टाइप करत बसण्यासाठी कुणी या व्यवसायात येत नाही.

त्याच वर्षी १७ मार्चला पहाटे लॉस एंजेलिसला भूकंपाचा धक्का बसला. ‘लॉस एंजेलिस टाइम्स’चा पत्रकार केन श्वेंकी धक्क्याने जागा झाला आणि संगणकापाशी गेला, तर बातमी लिहून तयार. त्यानेच आधी बनवून ठेवलेल्या ‘क्वेकबॉट’ या प्रोग्रॅमने अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण संस्थेची सूचना उचलून ती केली होती. श्वेंकीने नजर टाकली आणि प्रसिद्ध करण्याचं बटण दाबलं. धक्क्यापासून बातमीपर्यंत जेमतेम तीन मिनिटं.

या धंद्यातले लोक त्याच्याही आधीपासून भाकितं करत होते. बातम्या लिहिणारं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या नॅरेटिव्ह सायन्स या कंपनीचे सहसंस्थापक क्रिस्टियन हॅमंड यांनी २०१२ मध्ये सांगितलं की पंधरा वर्षांत नव्वद टक्क्यांहून जास्त बातम्या संगणक लिहील. ते वाक्य जगभर फिरलं, पण त्यांनी त्याला जोडलेला खुलासा वाटेत गळाला. नव्वद टक्के पत्रकार घरी बसतील असं ते म्हणत नव्हते. ज्यांच्या बातम्या आज कुणी करतच नाही त्यांच्याही होऊ लागतील आणि एकूण ढीग प्रचंड वाढेल, असं त्यांचं म्हणणं होतं. ढीग वाढला हे तुम्ही अनुभवताच आहात. दहाच्या चाळीस झाल्या.

आता तुम्हाला जे लागलंय त्याबद्दल. ‘माणसाच्या लेखणीची सर यंत्राला येणार नाही’ असं सांगून समजूत काढणारे बरेच भेटतील. त्यांचं ऐकू नका. २०१५ मध्ये अमेरिकेतल्या एनपीआर या रेडिओने स्कॉट हॉर्स्ली हा आपला कसलेला बातमीदार आणि वर्डस्मिथ हे सॉफ्टवेअर यांची शर्यत लावली होती. एका कंपनीचा तिमाही निकाल हाती आला की दोघांनी त्याची बातमी करायची. यंत्राला दोन मिनिटं लागली, हॉर्स्लींना सात. हॉर्स्लींच्या बातमीत खुमारी होती, यंत्राची बातमी कोरडी पण नेटकी होती. त्याच्या आदल्या वर्षी स्वीडनमधल्या क्रिस्टर क्लेरवाल या अभ्यासकाने सामन्याचे वृत्तांत वाचकांसमोर ठेवले, काहींना माणसाने लिहिलेला, काहींना यंत्राने लिहिलेला. कोणता कोणाचा हे वाचकांना धड ओळखता आलं नाही. माणसाचं लिखाण वाचायला जास्त बरं वाटलं, एवढाच काय तो ठळक फरक. आणि ती सगळी जुनी यंत्रं होती. आजची भाषा त्यांच्या कितीतरी पुढे आहे.

याचं नवल का वाटावं? कोण, काय, कुठे, केव्हा, कसं आणि का, सगळ्यात महत्त्वाचं पहिल्या परिच्छेदात, बाकी उतरत्या क्रमाने, म्हणजे जागा कमी पडली तर खालून कापता येईल. हा साचा आपणच घडवला आणि प्रत्येक नवशिक्याच्या डोक्यात आपणच ठोकून बसवला. साच्यातलं लिखाण यंत्राला जमलं, तर त्यात तुमची भाषा कमी पडली असं काही नाही. तेव्हा भाषेच्या मुद्द्यावर स्वतःला कमी लेखणं थांबवा. आणि भाषेच्या जोरावर ही जागा राखता येईल ही आशाही सोडा.

तुमच्या ऑफिसात नेमकं कोणत्या जातीचं सॉफ्टवेअर आलंय, हे पत्रातून नीट कळत नाही, पण अंदाज येतो. जात महत्त्वाची आहे. असोसिएटेड प्रेसचं किंवा क्वेकबॉटचं यंत्र साच्यावर चालायचं. माणसांनी वाक्यं आधी लिहून ठेवलेली, यंत्र त्यातल्या रिकाम्या जागा आकड्यांनी भरणार. हे यंत्र स्वतःच्या मनाचं काही घालत नाही, पण त्याला जे दिलं जाईल ते निमूट छापतं. २०१७ च्या जूनमध्ये त्याच क्वेकबॉटने सांता बार्बराजवळ ६.८ तीव्रतेचा भूकंप झाल्याची बातमी दिली. भूकंप खरा होता, फक्त तो १९२५ सालचा. जुन्या नोंदीतलं ठिकाण दुरुस्त करताना साल चुकून २०२५ असं पुढे गेलं आणि यंत्राने बातमी केली. एवढा मोठा धक्का बसला असता तर त्या भागातल्या कुणालाही संगणक न उघडता कळलं असतं. यंत्राला ना जमीन आहे ना पाय.

दुसरी जात म्हणजे २०२२ च्या नोव्हेंबरअखेर चॅटजीपीटी आल्यापासून सगळीकडे शिरलेली. ही यंत्रं आधीच्या शब्दांवरून पुढचा शब्द कोणता शोभेल याचा हिशोब करत वाक्य विणतात. खरं काय, यापेक्षा शोभेल काय, हा त्यांचा धर्म. त्यामुळे ती चुकतात तेव्हा अडखळत नाहीत. ऑस्ट्रेलियातल्या हेपबर्न शायरचे तेव्हाचे महापौर ब्रायन हूड यांचं प्रकरण बघा. ते एका कंपनीत असताना परदेशी अधिकाऱ्यांना लाच दिली जात असल्याची माहिती त्यांनीच तपास यंत्रणांपर्यंत पोहोचवली होती. २०२३ मध्ये उघड झालं की चॅटजीपीटी त्यांना त्याच प्रकरणात दोषी ठरवून तुरुंगात पाठवत होता. माणूस बरोबर, प्रकरण बरोबर, फक्त तक्रारदाराचा आरोपी झाला. एकेक शब्द तपासला तर सगळे ओळखीचे आणि बरोबर वाटतील. चूक शब्दांमधल्या नात्यात होती.

बीबीसीने २०२५ च्या सुरुवातीला अशा चार यंत्रांना बातम्यांवरचे १०० प्रश्न विचारून उत्तरं स्वतःच्या पत्रकारांकडून तपासून घेतली. ५१ टक्के उत्तरांमध्ये गंभीर दोष सापडले. बीबीसीच्या लेखांतली म्हणून दिलेली १३ टक्के अवतरणं एकतर बदललेली होती किंवा मूळ लेखात नव्हतीच. तुम्हाला रोज चाळीस बातम्या तपासायच्या आहेत, म्हणून हा दुसरा आकडा जवळ ठेवा.

कारण माझ्या मते तुमचा खरा प्रश्न ‘संगणक लिहू शकतो का’ हा नाहीच. तुमच्या संपादकांचं ते साधंसं वाटणारं वाक्य खरं धोक्याचं आहे.

सीनेट या तंत्रज्ञानविषयक संकेतस्थळाने २०२२ च्या नोव्हेंबरपासून पैशांच्या व्यवहारांवरचे लेख यंत्राकडून लिहून घ्यायला सुरुवात केली. गाजावाजा नाही, लेखकाच्या जागी नुसतं ‘कर्मचारी’ अशा अर्थाचं मोघम नाव. जानेवारीत प्रकरण बाहेर आलं, तेव्हा असे ७७ लेख निघाले, आणि फेरतपासणी केल्यावर त्यातल्या ४१ लेखांत दुरुस्त्या कराव्या लागल्या. एका लेखात लिहिलं होतं की १०,००० डॉलर ३ टक्के व्याजाने ठेवले तर वर्षाला १०,३०० डॉलरची कमाई होईल. कमाई ३०० डॉलरची, हे शाळकरी मूल सांगेल. पण गंमत पुढे आहे. हे लेख यंत्राने परस्पर छापले नव्हते. प्रत्येक लेख माणसाने तपासल्याचं संस्थेचं म्हणणं होतं. म्हणजे तिथेही कुणालातरी सांगितलं गेलं होतं, तुम्ही आता फक्त तपासा.

ते लोक आळशी होते असं मी म्हणणार नाही. नवशिक्या बातमीदाराची कच्ची कॉपी आली की ती स्वतःच बोलते. नाव एका जागी एक, दुसऱ्या जागी दुसरं. वाक्य मध्येच तुटलेलं. जिथे त्याला कळलेलं नसतं तिथे भाषा पातळ होते आणि अनुभवी उपसंपादकाची पेन्सिल बरोबर तिथेच थांबते. नऊ वर्षांत तुमची नजर याच खुणांवर तयार झाली आहे. यंत्राच्या कॉपीत या खुणा नसतात. खरं आणि खोटं एकाच इस्त्रीचं असतं. शिवाय नवशिक्याला हाक मारून विचारता येतं, ‘हे तुला कोणी सांगितलं?’ डेस्कचं निम्मं काम या एका प्रश्नावर चालतं. यंत्राला तो विचारून उपयोग नाही. त्याला कोणी काही सांगितलेलंच नसतं, आणि विचारलंत तर ते त्याचंही शोभेलसं उत्तर देईल.

वेळेचा हिशोब करा. आठ तासांच्या शिफ्टला चाळीस बातम्या म्हणजे एकीला बारा मिनिटं. त्यात मथळा, फोटो, कॅप्शन, चढवणं, आणि मधे दोन मिनिटं डोळे मिटणं. एक फोन लावून समोरच्याने उचलेपर्यंत यातली निम्मी जातात. या वेगात होतं ते वाचणं. त्याला तपासणं म्हणू नका, आणि तुमच्या संपादकांनाही म्हणू देऊ नका.

आता यंत्राला काय जमत नाही, ते एका उदाहरणाने सांगतो. भोपाळमधल्या युनियन कार्बाइडच्या कारखान्यात १९८१ च्या डिसेंबरात फॉस्जीन वायूने एक कामगार दगावला. तो राजकुमार केसवानी यांच्या ओळखीचा होता. केसवानी ‘रपट’ नावाचं छोटंसं साप्ताहिक चालवत. त्यांनी कामगारांना गाठलं, वायूंविषयी वाचलं, कारखान्याचा सुरक्षा-अहवाल मिळवला आणि सप्टेंबर १९८२ पासून शहराला धोका असल्याचं छापायला सुरुवात केली. ते पुन्हापुन्हा लिहीत राहिले. विधानसभेत मात्र मंत्र्यांनी कारखान्यापासून धोका नसल्याचं सांगितलं. २ डिसेंबर १९८४ च्या रात्री काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे.

समजा, आजचं यंत्र १९८२ मध्ये असतं. त्याच्यासमोर काय आलं असतं? कारखान्याची प्रेसनोट आणि मंत्र्यांचं निवेदन. अर्ध्या मिनिटात, निर्दोष भाषेत त्याने लिहिलं असतं की धोका नाही. आणि तपासणाऱ्याने निवेदनाशी ताडून पाहिलं असतं, तर बातमी शंभर टक्के बरोबर निघाली असती. जी गोष्ट अजून कुठे लिहिलीच गेलेली नाही, ती यंत्राच्या पोटात नसते. ती कुणाच्या तरी मनात, कुणाच्या तरी घरात असते, आणि ती सांगायची की नाही हे तो माणूस समोरच्याकडे बघून ठरवतो.

अर्थात, याच उदाहरणाची एक कडू बाजूही आहे. त्या काळात बाकीच्या वर्तमानपत्रांत सगळी माणसंच होती. त्यांतल्या बहुतेकांनी केसवानींच्या इशाऱ्यांकडे लक्ष दिलं नाही. आलेलं निवेदन नीट करून छापणं हे यंत्राचं काम माणसं कितीतरी वर्षं करत आली आहेत, आणि ते करण्याबद्दल पगारही घेत आली आहेत. मला विचाराल तर यंत्र आज आपल्याला हटवतंय असं वाटतं त्या बऱ्याच जागा आपण आधीच सोडून दिल्या होत्या.

यंत्राचा मी शत्रू नाही. २०१६ मध्ये बाहेर आलेल्या पनामा पेपर्समध्ये, म्हणजे परदेशी कंपन्यांआड लपवलेल्या पैशांच्या फुटलेल्या दप्तरात, १ कोटी १५ लाख कागदपत्रं होती. माणसांनी एकेक वाचायची ठरवली असती तर आयुष्यं पुरली नसती. संगणकाने ती शोधण्याजोगी केली आणि वेगवेगळ्या देशांतल्या ३७० हून अधिक पत्रकारांनी नावं जुळवली, पत्ते शोधले, संबंधितांना उत्तरं मागितली. पण पहिला निरोप कुणाला आला होता? म्युनिकच्या ‘ज्यूडडॉइचे त्साइटुंग’ या दैनिकातल्या बास्टियन ओबरमायर या पत्रकाराला. नाव लपवून ठेवणाऱ्या त्या अनामिकाने आपला जीव धोक्यात असल्याचं त्याला सांगितलं होतं. असा निरोप सॉफ्टवेअरला येत नाही. सूत्राचं नाव सांगणार नाही असं वचन सॉफ्टवेअर देऊ शकत नाही, त्यासाठी तुरुंगात जाऊ शकत नाही. न्यूयॉर्क टाइम्सच्या ज्युडिथ मिलर २००५ मध्ये त्यासाठी ८५ दिवस तुरुंगात होत्या. त्यांच्या पत्रकारितेबद्दल काहीही मत असो, त्या आत गेल्या हे खरं.

मग संगणक जागा घेणार का? इथे एक गोष्ट लोक विसरतात. जागा संगणक घेत नाही, मालक देतो. आणि यंत्र तुमच्याइतकं चांगलं झाल्यावरच तो देतो, असं नाही. खर्चाच्या मानाने ‘चालून जाईल’ असं त्याला वाटलं की पुरे. मायक्रोसॉफ्टने २०२० मध्ये आपल्या एमएसएन या संकेतस्थळावर बातम्या निवडणाऱ्या कंत्राटी पत्रकारांना कमी करून ते काम यंत्राकडे दिलं. काही दिवसांतच लिटल मिक्स या गायिकांच्या गटातल्या एकीने वर्णद्वेषाविषयी सांगितलेल्या अनुभवांच्या बातमीवर यंत्राने तिच्याच गटातल्या दुसऱ्या सावळ्या गायिकेचा फोटो लावला. या चुकीवर टीकेच्या बातम्या आल्या, तर त्याही यंत्र आपणहून संकेतस्थळावर चढवेल, तेव्हा लक्ष ठेवून काढून टाका, अशी सूचना उरलेल्या माणसांना मिळाल्याचं ‘गार्डियन’ने छापलं. चूक झाली म्हणून काढलेल्यांना परत बोलावलं गेलं नाही. तुमच्या शेजारच्या दोन खुर्च्यांचा हिशोब असाच झालेला असणार. तेव्हा यंत्र चुकतं हे सिद्ध केल्याने नोकरी वाचेल, या भरवशावर राहू नका.

काय करायचं ते आता सांगतो.

पहिली गोष्ट नावाची, आणि ती याच आठवड्यात. संपादकांना ईमेल लिहा. तोंडी बोलणं नको. लिहा की ज्या बातमीसाठी मी स्वतः एकातरी माणसाला प्रश्न विचारलाय किंवा मूळ कागद स्वतः पाहिलाय, तिच्यावरच माझं नाव जावं. बाकीच्या बातम्या यंत्राच्या मदतीने केल्या आहेत असं वाचकाला दिसेल असं लिहावं. सोबत तीन प्रश्न विचारा. सॉफ्टवेअर साच्यावर चालतं की स्वतः वाक्यं रचतं? बदनामीचा दावा आला तर उत्तर कोण देणार? एका शिफ्टला किती बातम्या तपासणं संस्थेला शक्य वाटतं? सूर भांडणाचा नको, कामकाजाचा ठेवा. संपादकही बहुधा वरून आलेल्या फर्मानाखाली वाकलेले असतील, आणि असा ईमेल त्यांना वर दाखवायला उपयोगी पडू शकतो. २०२३ मध्ये ‘स्पोर्ट्‌स इलस्ट्रेटेड’च्या संकेतस्थळावर यंत्राने बनवलेले चेहरे लावून, अस्तित्वात नसलेल्या लेखकांच्या नावे मजकूर गेल्याचं उघड झालं, तेव्हा त्या नामांकित मासिकाची केवढी नाचक्की झाली, हे तुमच्या वरिष्ठांना आठवत असेलच.

दुसरी गोष्ट तपासण्याच्या पद्धतीची. यंत्राची बातमी आधी वाचूच नका. एकदा ती गुळगुळीत वाक्यं डोक्यात गेली की मूळ कागद वाचतानाही तेच दिसायला लागतं. आधी प्रेसनोट वाचा, त्यातली नावं, हुद्दे, आकडे, तारखा आणि अवतरणं खुणा करून ठेवा, मग बातमी उघडा. अवतरण शब्दाला शब्द जुळलं नाही तर काढून टाका, दुरुस्त करत बसू नका. आकडे हाताने करून बघा, विशेषतः टक्के आणि टक्केवारीतली वाढ जिथे शेजारीशेजारी येतात तिथे. सगळ्यात जास्त संशय धरा तो पार्श्वभूमीच्या वाक्यावर. ‘याआधीही अमुक साली असं झालं होतं’ हे वाक्य प्रेसनोटमध्ये नसताना बातमीत आलं असेल, तर ते कुठून आलं हे कळेपर्यंत बातमी थांबवा. असं केलंत तर चाळीस होणार नाहीत. वीसही होणार नाहीत कदाचित. न होऊ देत. जेवढ्या झाल्या तेवढ्या लिहून ठेवा आणि पकडलेल्या चुकांची तारखेनिशी नोंद ठेवा. संपादक संख्येचा विषय काढतील तेव्हा तुमच्या हातात काहीतरी असेल.

तिसरी गोष्ट वेळखाऊ आहे. गेल्या आठवड्यातल्या तुमच्या बातम्या काढा आणि त्यांतल्या किती बातम्यांमध्ये तुम्ही बाहेरच्या माणसाशी बोललात ते मोजा. उत्तर शून्य येण्याची शक्यता मोठी आहे, आणि त्यात तुमचा दोष नाही, डेस्क असंच चालतं. पण तुमच्या पत्रात मला एक गोष्ट दिसली. नऊ वर्षांच्या कामाचं वर्णन करताना तुम्ही एकाही माणसाचा उल्लेख केलेला नाही. एजन्सी, प्रेसनोट, निकाल, आकडे. इथे बदल करायला हवा. एखादा विषय धरा, जो तुमच्या संस्थेत कुणाचाच नाही. ग्राहक न्यायालयं, रुग्णालयांची बिलं, शाळांमधल्या शिक्षकांच्या जागा, पाणीपुरवठ्याच्या निविदा, काहीही. रोज त्या विषयातल्या एका माणसाला फोन करा, बातमी मिळो न मिळो. प्रेसनोटखालचा नंबर लावून ‘यात जे लिहिलेलं नाही ते सांगा’ इतकंच म्हटलं तरी चालतं. लोक बोलतात, सगळेच नाही, पण चार-सहा महिन्यांत तुम्हाला स्वतःहून फोन करणारी माणसं तयार होतील. त्यांच्याकडे तुमचा नंबर असेल, सॉफ्टवेअरचा नसेल.

दुसरी नोकरी बघावी का? बघा, अर्ज करून ठेवायला कोणी अडवलेलं नाही, पण राजीनामा आत्ता देऊ नका. डेस्कवर बसून नवा विषय धरता येतो, पगार चालू असताना तर जास्तच. तुमच्या ईमेलला काय उत्तर येतं त्यावर पुढचं ठरेल. नावाबद्दल लेखी काही मिळालं आणि आकडा खाली आला, तर तिथे माणसं आहेत असं समजा आणि थांबा. उत्तरच आलं नाही, चाळीसच्या साठ झाल्या आणि नाव तसंच जात राहिलं, तर मात्र लवकर निघा, कारण मग तिथे तुम्हाला ठेवलंय ते चूक झाल्यावर बोट दाखवायला कुणीतरी हवं म्हणून. अशा जागेवर टिकून राहणं म्हणजे नोकरी टिकवणं नव्हे.

भाचीला ‘येऊ नकोस’ असं सांगू नका आणि ‘ये’ असंही सांगू नका. तिने लिहायची आवड म्हणून हा अभ्यासक्रम निवडलाय का, ते विचारा. तसं असेल तर तिने दुसरं काही शिकावं आणि लिहीत राहावं, लिहायला कोणाची ना नाही. अनोळखी माणसाच्या दारात उभं राहून नको तो प्रश्न विचारायची तिची तयारी असेल, आकड्यांना ती घाबरत नसेल आणि माहितीच्या अधिकारात अर्ज कसा करतात हे शिकायला तिला आवडेल, तर जाऊ द्या. अभ्यासक्रम निवडताना तिथे विद्यार्थ्यांना बाहेर पाठवून बातम्या आणायला लावतात का, एवढं मात्र चौकशी करून बघा. नुसतं वर्गात बसवून प्रेसनोटची बातमी करायला शिकवत असतील, तर त्या शिक्षणाची फी भरू नका.

संपादकांचं उत्तर आलं की मला कळवा. न आलं तरी कळवा, कामगार कायद्याच्या बाजूने काय करता येईल ते विचारून ठेवतो.